वर्गाला प्रश्न विचारायचा तर पाटी घ्यावी की प्लिकर्सची कार्डं?

पहिली ते पाचवीला पाटी घ्या. सहावी ते आठवीला, गावात मोबाइलची रेंज धड असेल तर, प्लिकर्सची कार्डं घ्या, म्हणजे मुलांनी उत्तर म्हणून धरायची आणि शिक्षकाच्या मोबाइलमधल्या प्लिकर्स अ‍ॅपने कॅमेऱ्यातून वाचायची कागदी कार्डं. रेंज नसेल तर तिथेही पाटीच. निकाल आधीच सांगून टाकला, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत साहित्यासाठी येणारा पैसा मोजका असतो आणि तो कशावर घालायचा हे ठरवायला वेळही मोजकाच मिळतो. मात्र ही साधनं आणली आणि प्रश्न पूर्वीसारखेच विचारले, तर पैसे वाया गेले असंच समजा.

दोन्ही साधनांचं काम एकच आहे. प्रत्येक मुलाने, एकाच वेळी, स्वतःचं उत्तर द्यायचं. एरवी प्रश्न विचारला की पुढच्या ओळीतले तेच चार-पाच हात वर येतात. एकाने बरोबर सांगितलं की "शाबास", आणि धडा पुढे सरकतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आठवडाभर शाळेत न आलेली, मागे भिंतीला टेकून बसलेली मुलगी त्या प्रश्नात कुठेच नसते. "समजलं का?" असं विचारलं तर सगळ्यांसोबत तीही "होऽ सर" म्हणते. त्या होकारावरून उद्या काय शिकवायचं हे ठरवता येत नाही.

आधी पाटी. बाजारात चार प्रकार दिसतात. दगडी पाटीवर अक्षर सर्वांत ठळक उमटतं, पण ती पडली की फुटते आणि दप्तरात जड होते. पत्र्याची पाटी टिकते, मात्र तिचा काळा रंग उडाला की खालचा पत्रा चमकतो आणि दारातून उजेड येणाऱ्या खोलीत समोरून काहीच वाचता येत नाही. प्लास्टिकची पाटी हलकी असते, पण गुळगुळीत असेल तर पेन्सिल घसरते आणि रेघ फिकी येते. दुकानात उभं राहूनच तिच्यावर लिहून बघा आणि दहा पावलं मागे जाऊन वाचा. मार्करची पांढरी पाटी सर्वांत छान दिसते, पण मार्कर सुकतात, टोपणं हरवतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवा खर्च निघतो. आमची पसंती दगडी पाटीला आहे. ती शाळेतच ठेवायची, घरी पाठवायची नाही, म्हणजे फुटणं बरंच कमी होतं. लहान वर्गात पाटीपेन्सिल खाणारी मुलं असतात. तिथे तुकडे मोजून द्या आणि मोजून परत घ्या. एखादं मूल सारखंच खात असेल तर रागावू नका. अंगात लोह कमी असलं तरी अशी सवय लागते, त्यामुळे शाळेच्या आरोग्य तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घाला.

पाटी वापरण्याची रीत सोपी आहे, पण तिच्यातली एकही पायरी गाळून चालत नाही. प्रश्न एकदा तोंडी सांगा आणि फळ्यावरही लिहा. लिहून झालं की पाटी पालथी करून मांडीवर ठेवायला सांगा. कोणी घाईने वर केली तर खाली घ्यायला लावा, कारण हुशार मुलाची एक पाटी वर दिसली की शेजारच्या तीन पाट्यांवरचं उत्तर बदलतं. सगळ्यांचं झालं की "दाखवा" म्हणा. मग सगळ्या पाट्या एकदम छातीशी. आकडे चार बोटं उंच हवेत, नाहीतर मागच्या ओळीचं वाचता येत नाही. तुम्ही डावीकडून उजवीकडे ओळीओळीने बघत जा, आणि या वेळी चेहरा कोरा ठेवा. बरोबर उत्तर दिसल्यावर मान हलली की मुलं पाटीवरचा आकडा सोडून तुमचा चेहरा वाचायला लागतात.

आता पाटीचा खरा फायदा. तिसरी-चौथीच्या वर्गाला ५०२ − २७८ द्या. उत्तर २२४. पाट्यांवर हमखास आणखी तीन आकडे येतात. ३७६ लिहिणाऱ्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा केलेला असतो, म्हणजे दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन. २३४ लिहिणाऱ्याने शतक फोडून दहा दशक केले, त्यातला एक दशक सुट्ट्यांना दिला, पण दहाचे नऊ करायला तो विसरला. ३२४ वाल्याने दशकाच्या घरात नऊ नीट मांडले, पण पाच शतकांचे चार केलेच नाहीत. तिघंही चुकले आहेत आणि तिघांवरचा उपाय वेगळा आहे. पहिल्याला शतक-दशक-सुट्ट्यांच्या काड्यांचे गठ्ठे पुन्हा हातात द्यावे लागतात. उरलेल्या दोघांना फक्त खोडून वर नवा आकडा लिहिण्याची सवय लावावी लागते. वहीत हीच गणितं दुसऱ्या दिवशी तपासून लाल फुली मारली तर तिन्ही फुल्या सारख्याच दिसतात. पाटीवर हा फरक दोन मिनिटांत, मूल समोर असताना कळतो. तिथेच विचारता येतं, "काहून रे, तीनशे शहात्तर कसे आले, सांग बरं." हाच प्रश्न बरोबर उत्तरवाल्यालाही विचारा. फक्त चुकलेल्यालाच विचारत गेलात, तर "कसं आलं?" म्हणजे "चुकलं" हे मुलं दोन दिवसांत ओळखतात.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं किती? मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांब झाली, गप्प राहणारी मुलं बोलू लागली, आणि मुलं स्वतःहून प्रश्नही विचारू लागली. पाटीमुळे हे थांबणं आपोआप घडतं, कारण लिहायला वेळ लागतोच. तोंडी प्रश्नाला मात्र मनात पाच अंक मोजा. घरी कोरकू, गोंडी, माडिया किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला प्रश्न आधी आपल्या भाषेत नेऊन मग मराठीत उत्तर आणावं लागतं. धारणी-चिखलदऱ्याकडच्या किंवा एटापल्ली-भामरागडच्या वर्गात पाचाऐवजी दहा मोजा. अशा मुलांना पाटीचा आणखी एक आधार मिळतो. आकडा, चित्र किंवा बाण काढून उत्तर देता येतं आणि मराठी शब्द न सुचल्यामुळे येणं न येण्यात जमा होत नाही.

आता प्लिकर्स. यात मुलांच्या हाती फक्त कागदी कार्ड असतं आणि मोबाइल एकट्या शिक्षकाकडे. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी चौकोनी नक्षी आणि नंबर असतो, चार कडांना ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरं. निवडलेलं अक्षर वर ठेवून मुलं कार्ड धरतात, शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय निवडलं ते पडद्यावर उमटतं. अक्षरं बारीक आणि नक्षी प्रत्येकाची निराळी, त्यामुळे बघून नक्कल करणं अवघड. कार्डांची पीडीएफ मोफत उतरवता येते. मूळ वापरालाही पैसे लागत नाहीत, जास्तीच्या सोयींना लागतात. प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही. प्रश्न फळ्यावर लिहा, मोबाइल फक्त उत्तरं टिपायला. वीज गेली तरी तास बुडत नाही, पण फोन सकाळी चार्ज केलेला हवा.

अडचणी कार्डं धरण्यात येतात. मुलं बोटं नक्षीवर ठेवतात आणि कॅमेऱ्याला कार्ड ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंच्या कोऱ्या कडा चिमटीत धरायला शिकवा. दुसरी अडचण कोणी सांगत नाही. मूल कार्ड स्वतःकडे करून 'बी' वर आणतं आणि मग शिक्षकाकडे वळवताना ते पुढे उलटवतं, की 'बी' गेलं खाली. कार्ड दार उघडल्यासारखं बाजूने फिरवायचं असतं. यावर चांगला उपाय म्हणजे प्रत्येक कडेचं अक्षर त्याच कडेला मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहून ठेवणं. मग कार्ड फिरवावंच लागत नाही, मूल मागून बघून धरतं. पहिली-दुसरीला एवढं करूनही जमत नाही, तिथे हट्ट धरू नका. तिसरी चूक लॅमिनेशनची. चकचकीत प्लास्टिक चढवलं की दारा-खिडकीचा उजेड त्यावर उड्या मारतो आणि निम्मी कार्डं वाचली जात नाहीत. जाड कागदावर छापा आणि पुठ्ठ्यावर चिकटवा, ते पुरेसं आहे. मुलांची तोंडं उजेडाकडे आणि तुमची पाठ उजेडाला असेल तर कॅमेरा भराभर वाचतो.

कार्डाचा नंबर आणि हजेरी क्रमांक एकच ठेवा. कोण गैरहजर आहे तेही लगेच दिसतं, आणि वेचणीहून परतलेल्या मुलाचे कोणते प्रश्न राहिले ते नंतर काढता येतं. प्लिकर्सच्या खात्यात मुलांचं पूर्ण नाव आणि आडनाव भरू नका, नुसतं पहिलं नाव पुरतं. प्रश्न आणि नोंदी इंटरनेटवर राहतात, म्हणून वर्गात उभं राहून रेंज तपासल्याशिवाय या भानगडीत पडू नका. शाळेच्या ओट्यावर रेंज येते आणि खोलीत जाते, असं आपल्याकडे पुष्कळ गावांत आहे.

कार्डांची खरी मर्यादा वेगळीच आहे. तुम्ही दिलेल्या चार पर्यायांपलीकडचं काहीही ती दाखवत नाहीत. पर्याय कच्चे असतील तर आकडेवारीही कच्ची. सहावीला विचारलं, सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.६, ०.४५, ०.१२५, ०.३? वर्गातल्या बहुतेकांनी ०.६ निवडलं तर आनंद होतो, पण "जितके आकडे कमी तितकी संख्या मोठी" असं चुकीचं समजणारी मुलंही इथे ०.६ लाच जातात. पर्याय बदला: ०.३, ०.४५, ०.१२५, ०.०८९. आता "कमी आकडे म्हणजे मोठी" वाले ०.३ वर जातात, दशांश चिन्ह विसरून १२५ वाचणारे ०.१२५ वर, आणि ज्याला स्थानिक किंमत कळली तोच ०.४५ वर येतो. ०.०८९ निवडणारा बहुधा नुसता अंदाज करतो आहे. एका पर्यायामागे एक चूक, असं बांधलं तरच कार्डांना अर्थ आहे. हे पर्याय घरी बसून सुचत नाहीत, ते पाट्यांवर सापडतात. म्हणून पाटी आधी वापरा, तिच्यावर येणाऱ्या चुका वहीच्या मागच्या पानावर टिपत जा, आणि पुढच्या वर्षी त्याच चुका कार्डांचे पर्याय म्हणून घाला.

निकाल बघून पुढे काय करायचं, याचा चांगला ठोकताळा हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांच्या पद्धतीत आहे. साधारण तीस ते सत्तर टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल तर उत्तर सांगू नका. वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन-तीन मिनिटं द्या आणि तोच प्रश्न पुन्हा घ्या. तीसच्या खाली असेल तर जोडीत बोलून उपयोग नाही, तुम्हीच वेगळ्या तऱ्हेने शिकवा. सत्तरच्या वर असेल तर थोडक्यात स्पष्ट करून पुढे चला, चुकलेल्या चौघांना मधल्या सुट्टीआधी जवळ घ्या. एका तासाला असे दोन-तीन प्रश्न पुरे. शिष्यवृत्ती-नवोदयचा सराव म्हणून ओळीने वीस प्रश्न घेतले की मधली चर्चा जाते आणि उरते ती चाचणी.

द्विशिक्षकी शाळेत, एका खोलीत दोन इयत्ता असताना, पाटी पुन्हा पुढे जाते. तिसरीला पाटीवर प्रश्न देऊन चौथीकडे वळता येतं. तिसरीच्या पाट्या पालथ्या पडून राहतात आणि दोन मिनिटांनी "दाखवा" म्हटलं की झालं. मोबाइल हातात घेऊन हे साधत नाही.

घेताना पटापेक्षा पाच पाट्या जास्त घ्या आणि पुसायला जुन्या साडीचे हातरुमालाएवढे तुकडे करून ओलसर ठेवा, नाहीतर थुंकी आणि बाही आहेच. प्लिकर्सची ४० कार्डं, एका पानावर दोन, अशी २० पानांत येतात. छापताना काळा रंग गडद मागा आणि हरवणाऱ्या कार्डांसाठी पीडीएफ फोनमध्ये जपून ठेवा.