जळू की गोचीड? प्रबंधाचा विषय ठरवताना

सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयात असा किंवा नागपुरातल्या एखाद्या फार्मसी कॉलेजात, रक्त पिणाऱ्या जिवांच्या लाळेवर प्रबंध करायचं मनात असेल तर आधी हे ठरवा: जळू की गोचीड?

जळूचं शेत बरंचसं नांगरून झालंय. तिच्या लाळेतलं, रक्त गोठू न देणारं हिरुडिन हे प्रथिन 65 अमिनो आम्लांचं. त्याच धर्तीवर 20 अमिनो आम्लांचं बायव्हॅलिरुडिन हे औषध तयार झालं, 2000 साली अमेरिकेत मंजूर झालं आणि अँजिओप्लास्टीत वापरलं जातं. संदर्भ भरपूर, गाइड खूश; नवं हाती लागणं मात्र कठीण.

गोचिडीच्या लाळेतून अजून एकही औषध बाजारात आलेलं नाही. पण जळू पोट भरलं की सुटते, कडक पाठीची गोचीड दिवसचे दिवस एकाच जागी चिकटून राहते. तेवढा वेळ रक्त गोठू द्यायचं नाही, सूज येऊ द्यायची नाही, खाज सुटू द्यायची नाही. त्यामुळे तिच्या लाळेत कितीतरी तऱ्हेची प्रथिनं असतात.

त्यातही रक्त पातळ ठेवणाऱ्यांच्या मागे लागू नका, असं माझं मत. आफ्रिकेतल्या मऊ अंगाच्या गोचिडीचं 60 अमिनो आम्लांचं टॅप हे प्रथिन रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर टेन-ए या घटकाला अडवतं. पण तेच काम रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅनच्या गोळ्या करतात. मग इंजेक्शन कोण घेईल? त्याच गोचिडीचं नोमॅकोपॅन जास्त आशेचं. ते कॉम्प्लिमेंटचा, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांच्या साखळीचा, सी-फाइव्ह घटक आणि दाह वाढवणारं ल्युकोट्रीन बी-फोर, दोन्ही एकदम अडवतं. रुग्णांवर चाचण्याही झाल्यात.

इथल्या विद्यार्थ्याला खरी जवळची इव्हॅसिन्स ही लाळेतली प्रथिनं. ती कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीत सापडली. इव्हॅसिन-1 आणि 4 एका गटाच्या केमोकाइन्सना (पेशींना निरोप देणाऱ्या प्रथिनांना) धरतात, इव्हॅसिन-3 दुसऱ्या गटाच्या; पांढऱ्या पेशींना दाहाच्या जागी बोलावणारा निरोपच पोचत नाही. अडचण अशी की परकं प्रथिन म्हणून शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं.

लाळ काढणं भलतं किचकट. फुगलेल्या मादीला लाळ सुटायला पिलोकार्पिन हे औषध द्यायचं, तोंडाच्या सोंडेवर काचेची केशनळी बसवायची आणि मायक्रोलिटरमध्ये मोजण्याइतकी लाळ मिळायची वाट बघायची. म्हणून त्या प्रथिनाचं जनुक ई. कोलाय या जिवाणूमध्ये घालून प्रथिन बनवतात. ती सोय आणि दोन वर्षं हाताशी असतील तर डोळे झाकून इव्हॅसिन घ्या, नसतील तर जळू बरी. नमुने गोळा करताना हातमोजे आणि चिमटा हवाच. गुरांवरची हायलोमा गोचीड क्रिमियन-काँगो तापाचा विषाणू पसरवते.