गाडी ३ तास लेट: सात महिन्यांत चार टीडीआर, तीनदा पैसे

घर ठाण्यात, नोकरी चिपळूणला. बदली झाल्यापासून सोमवारी पहाटे जायचं, शुक्रवारी परत. या सात महिन्यांत लेट गाडीपायी चारदा टीडीआर, म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागायचा अर्ज, भरला. तीनदा पैसे आले: एकदा दहा दिवसांत, एकदा जवळजवळ दोन महिन्यांनी, एकदा मधेच केव्हातरी.

नियम सरळ आहे. आपण जिथून चढणार तिथे गाडी ३ तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि आपण प्रवास केलाच नाही, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत. आरएसी-वेटिंगलाही. ऑनलाइन तिकिटाचं सुविधा शुल्क तेवढं बुडतं. अट एकच, अर्ज गाडी आपल्या स्टेशनवरून सुटायच्या आत भरायचा.

माझा दुसरा अर्ज इथेच मेला. जानेवारीतली पहाट, ठाणे स्टेशन. उशीर कधी एकरकमी सांगत नाहीत, हप्त्यांनी सांगतात. आधी चाळीस मिनिटं, मग दीड तास, मग अडीच. तीनचा आकडा ओलांडेपर्यंत बाकड्यावर बसून पाठ धरलेली. शेजारच्या काकूंना म्हटलं, चला खोपटहून एसटी धरू. त्या म्हणाल्या, "तू जा बाबा. माझ्याकडे नातवाची सायकल आहे, मला कोण घेणार?" मी गेलो. पनवेल मागे पडल्यावर टीडीआर आठवला. तोवर गाडी ठाण्याहून सुटली होती. अर्ज नामंजूर. आता आकडा अडीचवर गेला की मी फॉर्म उघडून ठेवतो आणि एनटीईएसवरच्या, म्हणजे गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या ॲपवरच्या, वेळेचा स्क्रीनशॉट काढतो. तो कोणी मागितला नाही अजून, पण असू दे.

परवा कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं. तीन तास त्या बदललेल्या वेळेपासून मोजायचे, आपल्या सवयीच्या वेळेपासून नाही. मी पहिल्याच आठवड्यात फसणार होतो.

पण याला भरपाई म्हणू नका. गाडीत बसलात आणि चार तास उशिरा उतरलात, तर एक रुपया नाही. लोकलच्या पासवाल्यांचा तर प्रश्नच नाही. मुंबई-अहमदाबाद तेजसला तासाभराच्या वर उशीर झाला की १०० आणि दोन तासांच्या वर २५० रुपये मिळायचे, तेही २०२४ मध्ये बंद झालं. भाऊजी म्हणतात, ग्राहक मंचात जा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका प्रवाशाचे ३०,००० रुपये कायम केले होते हे खरं. जम्मूची गाडी चार तास लेट, त्यामुळे श्रीनगरचं विमान हुकलं. उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेला दाखवता आलं नाही. माझं विमान नाही, मस्टर हुकतं. त्यासाठी तारखांना रजा टाकू?

तिकिटाचे पैसे येतात. एसटीचं भाडं, खोपटपर्यंतची रिक्षा आणि कापलेली अर्धी रजा माझ्याच खात्यावर. काकू मात्र त्याच गाडीने गेल्या असणार. त्यांना काहीच मिळालं नाही.