किलिमच्या कांदळवनातील होडी-सफर: ब्राह्मणी घार पाहायची असेल तर

मलेशियातील लंकावी बेटावर डिसेंबरअखेरीस आम्ही चार दिवस होतो आणि त्यांपैकी दोन सकाळी किलिम खाडीतील होडी-सफरीसाठी राखून ठेवल्या होत्या. मलय भाषेत ‘हेलांग’ म्हणजे गरुड वा घार आणि ‘कावी’ म्हणजे तांबूस, असा बेटाच्या नावाचा अर्थ तेथे सर्वत्र सांगितला जातो. बेटावरील मुख्य गाव कुआहच्या धक्क्याजवळ तर 12 मीटर उंचीचा तांबूस गरुडही उभा केलेला आहे. प्रत्यक्षात हा मान जिला मिळाला, ती आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांवर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घारच होय.

पहिल्या दिवशी आम्ही इतर प्रवाशांबरोबर सामाईक होडीत बसलो. एका रुंद वळणावर नावाड्याने बादलीतून कोंबडीची कातडी काढून पाण्यात भिरकावली आणि पाहता पाहता तीस-एक घारी डोक्यावर गोळा झाल्या. छायाचित्रे उत्तम मिळाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पाच होड्यांची इंजिने एकाच वेळी धडधडत असताना आणि प्रत्येक घार त्याच तुकड्यांवर झेपावत असताना त्या पक्ष्याचा स्वभाव काहीच कळत नव्हता. मला ही प्रथा मुळीच पटली नाही. मासे, खेकडे आणि किनाऱ्याला लागलेले मृत जीव खाऊन खाडी स्वच्छ ठेवणाऱ्या पक्ष्याला चरबीच्या तुकड्यांची सवय लावणे आणि त्याच्या पिलांना होडीमागे धावायला शिकवणे यात त्याचे हित नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतंत्र होडी घेतली आणि ‘खाद्य टाकायचे नाही व अरुंद फाट्यांत इंजिन बंद ठेवायचे’ ही अट आधीच घातली. भाडे दुपटीहून अधिक पडले, तरी ते मला अजिबात जड वाटले नाही. ओहोटी लागली होती; कांदळाची मुळे उघडी पडून चिखलावर निवट्या (चिखलात राहणारे लहान मासे) उड्या मारू लागल्या होत्या आणि मागे चुनखडीचे उभे कडे होते. (अशा प्राचीन खडकांमुळे लंकावीला 2007 मध्ये युनेस्कोच्या जिओपार्कचा, म्हणजे भूवैज्ञानिक वारसा जपणाऱ्या प्रदेशाचा, दर्जा मिळाला.) एका वाळक्या फांदीवर घार इतकी जवळ बसली होती की तिच्या पांढऱ्या डोक्यावरील आणि छातीवरील बारीक काळ्या रेघाही स्पष्ट दिसत होत्या, बाकी अंग ताज्या कातासारखे लालसर तपकिरी. थोड्या वेळाने ती उठली, पाण्याला पोट न टेकवता नुसत्या नखांनी एक लहान मासा उचलला आणि फांदीवर परत न येता उडता उडताच पाय चोचीपर्यंत नेऊन तो खाऊ लागली. तिचा आवाजही तेव्हाच ऐकला. एवढ्या रुबाबदार पक्ष्याच्या कंठातून मांजराच्या पिलासारखा बारीक, कुरकुरता स्वर निघतो, यावर आधी विश्वास बसत नाही.

आमच्या नावाड्याला पक्ष्यांची खरी ओळख होती. एका तपकिरी पक्ष्याकडे बोट दाखवून, ही वेगळी जात नसून ब्राह्मणी घारीचेच पिलू आहे, असे त्याने सांगितले. ओळखण्याची खूण सोपी आहे: साध्या घारीची शेपटी दुभंगलेली असते, हिची गोलाकार. उंच झाडावर काटक्यांचे घरटे, त्यात बहुधा दोन अंडी आणि सुमारे 26-27 दिवसांचे उबवण, हेही त्याने घरट्यापासून दूर थांबून समजावले. आपल्याकडेही डिसेंबर ते एप्रिल हाच तिचा विणीचा काळ असल्यामुळे हे अंतर राखणे मला फार महत्त्वाचे वाटले.

बाकी सोयींबद्दल तक्रार नाही; सर्वांना जीवरक्षक जॅकेट मिळाले. वटवाघळांच्या गुहेत मात्र गर्दी असते आणि तरंगत्या मत्स्यशेतीवर बराच वेळ जातो, तेव्हा पक्षी पाहायचे असल्यास तो थांबा वगळायला सांगावे. सकाळची ओहोटी कधी आहे हे आदल्या संध्याकाळी धक्क्यावर विचारून घ्यावे आणि होडी ठरवतानाच बादलीत काय आहे, तेही पाहून घ्यावे.