मोरसला गेलेला पूर्वज: आधी जहाजाचं रजिस्टर की चर्चचा चोपडा?

"आजो मोरसाक गेलो तो परत ईलोच नाय." मालवणकडच्या कितीतरी घरांत पूर्वजाची हकिगत या एका वाक्यात संपते. मोरस म्हणजे मॉरिशस. तिकडून येणाऱ्या साखरेलाही आपल्याकडे मोरसच म्हणत. माझ्या पणजोबांचा चुलता तिकडे गेला. शेजारच्या ख्रिस्ती घरातला एक आजा 'आफ्रिकेत' गेला म्हणत. दोघांचा माग काढताना माझ्या चपला झिजल्या, म्हणून कुठून सुरुवात करावी हे विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

मॉरिशसची नोंद पलीकडच्या किनाऱ्यावर झाली, त्यामुळे तिथल्या कारकुनाचा प्रश्न एकच: कुठून आलास? 1834 पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या मजुरांची ही रजिस्टरं मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर माणसं उतरायची तो आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारसा यादीत गेला, पण कागद बघायचे तर मोकालाच. प्रत्येक माणसाला एक नंबर, मग नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज आणि उतरल्याची तारीख. इतकी माहिती आपल्या घरच्या वंशावळीतही नसते! फोटो मात्र 1860 च्या दशकापासूनचे, त्याआधी गेलेल्याचा चेहरा दिसायची आशा धरू नका.

अडचण अशी, की या सगळ्याची किल्ली तो नंबर आहे आणि तो गावात राहिलेल्यांकडे कधीच नसतो. तिकडचे वंशज आपले जन्म-लग्नाचे दाखले घेऊन मागे मागे जातात आणि नंबरापर्यंत पोचतात. आपण इथून 'सखाराम, मु. मालवण' एवढ्यावर शोधू गेलो तर सखाराम ढिगाने निघतात. आडनाव बहुतेकदा नाहीच. जातीच्या रकान्यात 'मऱ्हाटा' लिहिलं की कारकुनाचं काम झालं. वय तर चेहरा बघून टाकलेलं.

आमच्या चुलत्याचा उतारा मिळाला तो तिकडच्या एका वंशजामुळे. व्हॉट्सॲपवर फोटो आला: उंची 5 फूट 2 इंच, डाव्या भुवईवर वण, जिल्हा 'रुटनागेरी', गाव 'चिनडोअर'. दोन दिवस नकाशे चाळले. शेवटी आईने ते नाव मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाली, "अरे, चिंदर मा ता!" तेव्हापासून सांगतो, ती अक्षरं डोळ्यांनी वाचू नका, साहेबाच्या कानाला मालवणी कशी ऐकू आली असेल ते बघा. आणि रत्नागिरी लिहिलंय म्हणून आजच्या रत्नागिरीत हिंडू नका. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 साली, तोवर मालवण-वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सावंतवाडी तर वेगळं संस्थानच.

चर्चचा चोपडा याच्या अगदी उलट. तो अलीकडच्या किनाऱ्यावर, गावातच बसलेला. बाप्तिस्मा, लग्न, दफन. मुलाचं नाव, आई-बाप, धर्मपिता आणि धर्ममाता. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये, पण साचा ठरलेला असल्यामुळे आठ-दहा शब्द कळले की पुढच्या आपोआप लागतात. धर्मपिता बहुतेक नात्यातलाच असतो, त्यामुळे एका नोंदीतून दुसरं घर सापडतं. खर्च म्हणाल तर एसटीचं तिकीट, आणि फादरना आधी फोन.

माणूस गाव सोडून गेला हे मात्र त्या चोपड्यात कोणी लिहीत नाही. पण समास बघा, समास, म्हणजे पानाच्या कडेची कोरी जागा! 1908 पासून कॅथलिक चर्चचा नियम असा, की लग्न कुठेही लागलं तरी ते बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवायचं आणि तिथे मूळ नोंदीशेजारी टिपायचं. शेजाऱ्यांच्या आज्याच्या नोंदीपुढे फिकट शाईत बारीक अक्षरांत होतं: कराची, 1912. घरातले तीन पिढ्या आफ्रिका आफ्रिका करत होते.

हे सगळं मिळतं ते पानं शाबूत असतील तर. दुसऱ्या एका गावी कपाट उघडलं तर चोपड्याच्या मधोमध वाळवीने बोगदा केलेला, नेमकी आम्हाला हवी ती वीस वर्षं खलास.

तर माझं मत. घर ख्रिस्ती असेल तर दुसरीकडे एक पैसाही खर्च न करता आधी पॅरिशमध्ये जा. मॉरिशसहून कोणी तुम्हाला विचारत असेल (2024 मध्ये तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड) सोय जाहीर झाल्यापासून असे फोन वाढलेत), तर त्यांना आधी नंबर काढायला सांगा, तुम्ही गाव ओळखायचं काम करा. घर हिंदू आणि शोध इथूनच सुरू करायचा असेल तर मोकाला पत्र टाकायची घाई नको. आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 आणि कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, बघा. मोडी वाचणारा सोबत हवाच. गेलेला माणूस तिथे नसेल, पण मागे राहिलेले भाऊ सापडू शकतात, आणि बापाचं नाव पक्कं झालं की सखारामांचा ढीग निम्म्यावर येतो.

आपले पैसे भरून गेलेल्यांचं, म्हणजे रत्नागिरीकडून केपटाऊनला गेलेल्या कोकणी मुसलमानांसारख्यांचं, गणित वेगळं. गिरमिट नाही म्हणून नंबर नाही, आणि चर्चचा प्रश्नच नाही. तिथे घरातली जुनी पत्रं आणि मशिदीतली निकाहाची नोंद यावरच भिस्त.

आणि काहीही बघायचं असो, मे अखेरच्या आत उरका. पावसात दमट पान उलटायला कोणी देत नाही, देऊही नये.