रेव्हन यांची आकृतिबंध चाचणी: विशेष वर्गाच्या निवडीसाठी कितपत उपयोगी?

विशेष वर्गासाठी प्रज्ञावान विद्यार्थी शोधण्यासाठी शाळा ज्या अशाब्दिक चाचण्या वापरतात, त्यांत जॉन रेव्हन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेली आकृतिबंध चाचणी 'स्टँडर्ड प्रोग्रेसिव्ह मॅट्रिसेस' मला आजही मोलाची वाटते. मात्र तिच्याकडून काय मागावे, हे शाळेला नीट ठाऊक हवे.

चाचणीत पाच संच आणि एकूण ६० प्रश्न आहेत. प्रत्येक प्रश्नात अपुरी आकृती असते आणि खालच्या सहा किंवा आठ पर्यायांतून तिचा योग्य तुकडा निवडायचा असतो. वाचन-लेखन जवळजवळ लागत नसल्यामुळे, जे मूल घरी वेगळीच भाषा बोलते, ज्याचे अक्षर वाईट आहे किंवा जे वर्गात कधी हात वर करत नाही, त्याचीही तर्कशक्ती येथे दिसू शकते. शिक्षकांच्या शिफारशीत नेमकी हीच मुले मागे राहतात. शिवाय ही चाचणी संपूर्ण वर्गाला एकत्र देता येते, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेतील एका मोठ्या शाळा-जिल्ह्यात निवडक मुलांऐवजी दुसरीच्या सर्व मुलांची अशाच प्रकारची अशाब्दिक चाचणी घेतल्यावर गरीब आणि अल्पसंख्याक घरांतील कितीतरी अधिक मुले विशेष वर्गासाठी पात्र ठरली.

चाचणीच्या मर्यादाही गंभीर आहेत. ती आकृतींतील नियम ओळखण्याची क्षमता मोजते. भाषेची किंवा संगीताची असामान्य जाण तिला दिसत नाही. सरावाने गुण वाढतात, त्यामुळे शिकवणी लावणाऱ्यांना अन्याय्य लाभ होतो. पिढ्यान्‌पिढ्या सरासरी गुण चढत गेल्याने जुन्या मानकांवर, म्हणजे पूर्वीच्या मुलांच्या गुणांशी तुलना करून, तपासलेले मूल आहे त्यापेक्षा हुशार भासते. मोठ्या वयाच्या हुशार मुलांना हे प्रश्न सोपे पडतात. त्यांच्यासाठी याच मालिकेतील 'ॲडव्हान्स्ड' आवृत्ती घ्यावी.

सर्वांत जास्त नुकसान करते ती गुणांची कठोर सीमारेषा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या प्रज्ञावान मुलांच्या अभ्यासात वेगळी चाचणी होती. पण तिथे गुण कमी पडल्याने वगळलेल्या विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ यांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणून या चाचणीत चमकलेल्या मुलाला शिक्षकांची शिफारस नसली तरी विशेष वर्गात घ्यावे, आणि कमी गुण मिळालेल्या मुलाला केवळ त्या आकड्यावरून नाकारू नये. त्याचे काम पाहावे, आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा संधी द्यावी.