स्टिअरिंगच्या दुरुस्तीच्या नावाखाली 2,081 डॉलरला गंडवलं

पैसे गेले याचा राग आहेच, पण 1970 च्या शेव्हेल गाडीचं स्टिअरिंग आधीपेक्षा धोकादायक करून माझ्या हातात दिलं, याचा संताप त्याहून जास्त आहे. इथे कॅलिफोर्नियात जुन्या अमेरिकन गाड्यांचा नाद असलेल्या आपल्या लोकांनी हे वाचाच.

गाडी सरळ रस्त्यावर भटकायची. स्टिअरिंगला इतका प्ले, की थोडं फिरवलं तरी टायर जागचे हलायचे नाहीत. गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर चढवली, लोंबकळणारं चाक हलवलं आणि निकाल दिला : बॉक्स (स्टिअरिंगचा गिअरबॉक्स) गेलाय, लिंकेजही (बॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे आणि सांधे) बदलावं लागेल. रिबिल्ट बॉक्स 640, लिंकेजमधला आडवा दांडा म्हणजे सेंटर लिंक 185, त्याचं दुसरं टोक धरणारा आयडलर आर्म 95, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे म्हणजे चार टाय रॉड एंड 160, मजुरी 780, अलाइनमेंट 120. टॅक्स धरून 2,081 डॉलर 25 सेंट.

गाडी आणायला गेलो तेव्हा टॉर्च मारून त्याने खालचं काम दाखवलं. सगळं काळं कुळकुळीत. पण सेंटर लिंकच्या नटमधली कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) गंजलेली होती आणि त्या गंजावरच काळा रंग मारलेला. नवा पार्ट बसवताना जुनी पिन कोण ठेवतं? ती पिन मला हातभर अंतरावरून दिसत होती. आजही डोळे मिटले की तीच दिसते. जुने पार्ट मागितले, तर म्हणाला, ‘भंगारात गेले, बॉक्स कोअर म्हणून परत पाठवला.’ रिबिल्ट बॉक्स घेतला की जुना बॉक्स कोअर म्हणून विक्रेत्याकडे परत जातोच, म्हणून पटलं. गाडी त्याच्या लिफ्टवर, किल्ली त्याच्या खिशात, भिंतीवर सर्टिफिकेटं. माझ्या जागी कुणीही असता तरी कार्ड काढूनच दिलं असतं.

880 फ्रीवेवर लेन बदलली आणि स्टिअरिंग परत सरळ येईना. शेजारी ट्रक. कशीबशी बाजूला घेतली.

दुसऱ्या मेकॅनिकने 90 डॉलर घेतले आणि गाडी लिफ्टवर न टांगता रॅम्पवर, चाकांवर उभी ठेवली. इंजिन चालू ठेवून मला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि स्वतः खाली एकेका सांध्यावर हात ठेवून बघितलं. आयडलर आर्म सरळ वरखाली उडत होता. तोच जुना, रंगवलेला! बॉक्सच्या बोल्टवर वर्षानुवर्षांचा चिकटा जसाच्या तसा, फक्त वरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूचा लॉकनट पान्याने घासून चमकत होता. प्ले लपवायला तो स्क्रू आवळला होता, म्हणून स्टिअरिंग जाम व्हायचं. चारपैकी बाहेरचे दोन टाय रॉड एंड तेवढे नवे निघाले.

बॉक्सवर बोट ठेवणाऱ्याने आधी ही उभ्या गाडीची तपासणी केली का, ते विचारा. नुसतं लोंबकळतं चाक हलवून निदान करणाऱ्याला गाडी देऊ नका.

मग तक्रारी. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, काम झालंय, दर्जाबद्दलचा वाद आम्ही घेत नाही. कामच झालं नाही, हे फोटोंसकट लिहिलं, तरी उत्तर तेच. सरकारी खात्याने फॉर्म भरून घेतला, बिल मागितलं, तेच बिल पुन्हा मागितलं आणि शेवटी कळवलं की मधे दुसऱ्या मेकॅनिकने हात लावल्यामुळे आता काही सिद्ध होत नाही. म्हणजे मी जाम स्टिअरिंगची गाडी तशीच चालवत त्यांच्या पत्राची वाट बघायची होती का? वर जुन्या पार्टबद्दल मलाच ऐकवलं : काम देतानाच मागायला हवे होते. इथला नियम खरंच तसा आहे. त्यामुळे सही करण्याआधी वर्क ऑर्डरवर ‘जुने पार्ट परत हवेत’ असं लिहून घ्या, तोंडी सांगून भागत नाही. गाडी सोडण्यापूर्वी बॉक्स, आयडलर, सेंटर लिंक यांवर पेंट मार्करने खूण करा, कॉटर पिनांसकट फोटो काढा. आणि ताजा काळा रंग दिसला की नखाने खरवडा, समोर कोणीही उभा असो.

खरी दुरुस्ती नव्या आयडलर आर्मने आणि बॉक्सचा स्क्रू नीट बसवून झाली, 265 डॉलरमध्ये. स्मॉल क्लेम्सचे, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाचे, कागद मी भरलेत. गॅरेजवाल्याने परवा फोन करून 300 डॉलर घ्या आणि मिटवा म्हणून सांगितलं. मी नाही म्हणालो.