५७ फूट लांब, ६ फूट १० इंच रुंद: नॅरोबोटीवरचे आठ महिने

मार्चपासून मी आणि बायको इंग्लंडच्या ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोटीत, म्हणजे अरुंद कालव्यांसाठीच्या लांबट बोटीत राहतोय. बोट ५७ फुटी, म्हणजे बहुतेक कालव्यांतून जाईल अशी. रुंदी ६ फूट १० इंच, कारण अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने आखलेल्या अरुंद कालव्यांची लॉक (पाणी भरून-सोडून बोट वरखाली करणारे दरवाज्यांचे हौद) जेमतेम ७ फूट रुंद. पत्रा, इन्सुलेशन, लाकडी अस्तर वजा केलं की आत उरतात सहा फूट, छताकडे आणखी कमी.

गिरगावातल्या चाळीत १० बाय १२ च्या खोलीत पाच जणांत वाढलोय, मला लहान जागेचं काय सांगता, असा माझा तोरा होता. पण चाळीच्या खोलीत माणसाला वळसा तरी घालता येतो. इथे घर म्हणजेच बोळ. बोटीची आतली मांडणी ठरवताना मी मात्र कागदावर खोल्या आखत बसलो. आखायला हवी होती ती ये-जा आणि वजन.

उजवीकडून सरळ वाट हवी म्हणून ओटा, फ्रिज, बॅटऱ्या, पुस्तकं सगळं डावीकडे घेतलं. पहिल्याच आठवड्यात घावन तव्यावर एका कडेला सरकायला लागलं. आंघोळीचं पाणी जाळीकडे जाईना, कोपऱ्यात साचायचं. बोट कलली होती! शेवटी नवी कोरी लाकडी जमीन उचकटून तिच्याखालच्या तोलाच्या फरश्या उजवीकडे नेल्या. पाठ दोन दिवस धरली होती.

स्वयंपाकघर मागे, सुकाणूला लागून घेतलं, ते मात्र झकास जमलं. बोट चालवणाऱ्याच्या हाती चहा गरम पोचतो, चिखलाचे बूट आणि ओले कोट मागेच राहतात. झोपायची खोली पुढच्या टोकाला गेली. लाकूड-कोळशाची शेगडी मध्यावर असूनही तिथे ऊब पोचत नाही, हा त्याचा तोटा.

पलंग उभा घेतला, चार फुटी. शेजारी दोन फुटांची वाट. आडवा घेतला असता तर माझे पाय भिंतीला टेकले असते. आता भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री दुसऱ्याच्या अंगावरून उतरावं लागतं. ती पाळी आम्ही आठवड्याने बदलतो. गादीखाली सलग प्लायवूड टाकला ही शुद्ध चूक. कुकरच्या तीन शिट्ट्यांत खिडक्या घामाघूम होतात, तर गादीखाली काय होत असेल? ऑक्टोबरात उचलून पाहिलं, काळी बुरशी. आता फटी ठेवून पट्ट्या मारल्यात. छतातल्या झरोक्यांतून गार वारा येतो, पण ते बुजवायचे नाहीत. आत शेगडी आणि गॅस दोन्ही आहेत, कार्बन मोनॉक्साइडशी खेळ नको.

संडास कॅसेटचा. बोट बांधायला आमचा ठरलेला धक्का नाही, परवान्याप्रमाणे जास्तीत जास्त १४ दिवसांनी हलावं लागतं, म्हणून उचलून नेता येणारी टाकी बरी वाटली. तशी ती आहेच. दोघांना एक कॅसेट तीन दिवस पुरते, म्हणून जास्तीच्या दोन घेतल्या. त्या ठेवायच्या कुठे, हे आराखड्यात नव्हतंच. सध्या त्या शॉवरखाली उभ्या असतात. रोज आंघोळीआधी त्यांना बोळात काढायचं, आणि नेमकं तेव्हाच बायकोला पुढे जायचं असतं.